आधी बघू, मग बांधू!

एम, अपॅरेटस, थिअरी, ऑब्झर्व्हेशन टेबल, कॅल्क्युलेशन, रिझल्ट, कन्क्लुजन… जर्नलमधली ही सात स्टेशनं ज्याला पाठ नाहीत असा प्राणी आपल्या कॉलेजात शोधून सापडणार नाही. या सातांतले सगळ्यात बिचारे स्टेशन कुठले, तर ऑब्झर्व्हेशन टेबल! रिझल्ट काय यायला हवा हे मॅन्युअलमध्ये छापलेलेच असते, त्यामुळे गाडी या स्टेशनवर थांबते न थांबते तोच सुटते. निरीक्षण म्हणजे दोन रकाने भरणे, एवढीच आपली त्याच्याशी ओळख.

पण मित्र-मैत्रिणींनो, जगात एक विषय असा आहे की ज्यात निरीक्षणावरच सगळा डोलारा उभा आहे. तिथली प्रयोगशाळा म्हणजे बाजार, स्वयंपाकघर, एस.टी. स्टँड, देऊळ, मेस. अपॅरेटस म्हणजे दोन डोळे, दोन कान, एक वही आणि भरपूर चिकाटी. या विषयाचे नाव मानवशास्त्र. कुणी मानववंशशास्त्र म्हणतात, इंग्रजीत अँथ्रोपॉलॉजी. ह्युमॅनिटीजच्या पेपरच्या निमित्ताने मी लायब्ररीतल्या एका धूळ खात पडलेल्या कपाटापर्यंत पोचले आणि या विषयाच्या नादी लागले. रूममेटला सांगितले तर ती म्हणाली, "म्हणजे कवट्या मोजायच्या ना?"

तिचे म्हणणे अगदीच काही चूक नाही. या विषयाच्या चार शाखा आहेत. माणसाच्या शरीराचा आणि उत्क्रांतीचा अभ्यास करणारी एक, जमिनीत गाडलेले अवशेष उकरून पाहणारी दुसरी, भाषेचा विचार करणारी तिसरी. आणि माणसे एकत्र कशी राहतात, काय खातात, कुणाला काय म्हणून हाक मारतात, कुणाच्या घरी पाणी पितात आणि कुणाच्या घरी पीत नाहीत, हे बघणारी चौथी. मी बोलणार आहे ती या चौथीबद्दल.

या शाखेला शिस्त लावणाऱ्यांत ब्रॉनिस्लाव्ह मालिनोव्हस्की हे नाव मोठे. त्याच्या आधीचे बरेचसे पंडित आरामखुर्चीत बसून, प्रवाशांनी आणि मिशनऱ्यांनी पाठवलेली वर्णने वाचून, दूरच्या लोकांबद्दल जाडजूड ग्रंथ लिहायचे. हा पोलिश माणूस पहिल्या महायुद्धाच्या काळात पॅसिफिक महासागरातल्या ट्रोब्रियांड बेटांवर गेला, लोकांच्या वस्तीत तंबू ठोकून राहिला, त्यांची भाषा शिकला आणि रोज दिसेल ते लिहीत राहिला. त्यावरचे त्याचे पुस्तक १९२२ साली आले. या पद्धतीला 'सहभागी निरीक्षण' असे भारदस्त नाव आहे. आपल्या भाषेत सांगायचे तर, ऑफिसात बसून ड्रॉइंग काढण्याऐवजी साईटवर मुक्काम ठोकणे!

मराठी माणसाला तर हा विषय परका वाटायचे काही कारणच नाही. 'युगान्त' हे नाव आपण सगळ्यांनी ऐकलेले असते. ते लिहिणाऱ्या इरावती कर्वे या मानवशास्त्रज्ञ होत्या हे मात्र पुष्कळांना माहीत नसते. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले, त्यामुळे मला तर 'युगान्त'सुद्धा कॉलेजात आल्यावरच भेटले. १९०५ साली ब्रह्मदेशात त्यांचा जन्म झाला, तिथल्या इरावती नदीवरून नाव पडले. पुढे डॉक्टरेटसाठी त्या बर्लिनला गेल्या. तिथे त्यांचे गाईड होते ऑयगेन फिशर, म्हणजे ज्यांच्या वंशश्रेष्ठत्वाच्या कल्पना नंतर नाझींच्या कामी आल्या ते. विषय मिळाला कवटीच्या डाव्या-उजव्या बाजूंतल्या फरकाचा. हा फरक वंशानुसार बदलतो असे निघावे, ही गाईडची अपेक्षा. बाईंनी कवट्या मोजल्या आणि लिहिले की या फरकाचा वंशाशी संबंध दिसत नाही! आपल्यापैकी ज्यांना गाईडसमोर 'सर, रीडिंग वेगळं येतंय' एवढे म्हणतानाही घाम फुटतो, त्यांनी जरा कल्पना करून बघावी.

१९३९ पासून त्या पुण्याच्या डेक्कन कॉलेजात होत्या. त्या पंढरीच्या वारीत चालल्या आणि त्यावर त्यांनी लिहिले. दिंडीत भजन सगळ्यांचे एक, पण जेवायला बसताना पंगती जातीजातीच्या वेगळ्या, हे त्यांनी पाहिले. ते त्यांना खुपले. पण म्हणून त्यांनी भक्ती खोटी ठरवली नाही आणि भक्ती खरी म्हणून पंगती झाकल्याही नाहीत. दोन्ही लिहिले.

आता तुम्ही म्हणाल, हे सगळे ठीक आहे, पण आपण इंजिनिअर. आपला काय संबंध? तर त्याच इरावतीबाईंनी जाई निंबकर यांच्याबरोबर कोयना धरणामुळे उठलेल्या लोकांची पाहणी केली, ती १९६९ साली प्रसिद्ध झाली. कोयना म्हटले की सिव्हिलवाल्यांना १०३ मीटर उंची आणि रबल काँक्रीट आठवते. त्या धरणाचे एक टोक या पाहणीतही आहे. पाणी अडले, तेव्हा माणसे कुठे गेली, जमिनीचे काय झाले, सोयरे-धायरे कसे पांगले?

दुसरे उदाहरण मेकॅनिकलवाल्यांसाठी, आणि ते थेट आपल्या शेजारचे. खेड्यातला हापसा सगळ्यांनी पाहिलाय. पण त्याची कथा ठाऊक आहे? सुरुवातीला आपल्याकडे जे ओतीव लोखंडाचे हातपंप बसवले ते युरोप-अमेरिकेतल्या पंपांच्या नकला होत्या. मूळ पंप एका कुटुंबाच्या अंगणासाठी, दिवसातून चार-दोन बादल्या काढायला केलेला. इकडे तोच पंप अख्ख्या गावाच्या पुढ्यात बसला. पहाटेपासून रात्रीपर्यंत दांडा चालूच! १९७०च्या दशकाच्या मध्यावर असे बहुसंख्य पंप बंद पडलेले होते. धातूचा दोष काढता येईल, पण मूळ चूक अशी की पंपापुढे रांग किती लांब असते हे कुणी पाहिलेच नव्हते. मग जालन्यात आणि सोलापुरात मिशनच्या विहिरींवर काम करणाऱ्या मंडळींनी नवे मजबूत पंप केले. सोलापूर पंपाच्या धर्तीवर युनिसेफच्या मदतीने 'इंडिया मार्क टू' तयार झाला, तो पुढे जगभर गेला. साखळीवर चालणारा तो दांडा बघाल तेव्हा लक्षात ठेवा, की त्या डिझाईनमध्ये आपल्या बायाबापड्यांची रांग धरलेली आहे.

जालना आणि सोलापूर या दोन गावांच्या साधारण मधल्या पट्ट्यात माझे गाव येते, जामखेड. नाव सांगितले की समोरचा हमखास विचारतो, "बीड जिल्ह्यात ना?" नाही हो, नगर जिल्ह्यात, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात! ज्यांच्यावरून हे नवे नाव आले त्या अहिल्यादेवींचे जन्मगाव चौंडी आमच्याच तालुक्यात. १७९५ ची मराठे आणि निजामाची लढाई जिथे झाली ते खर्डाही आमच्याच तालुक्यात. पण बीड, धाराशिव, सोलापूर या सगळ्यांच्या सीमा जवळ असल्याने विचारणाऱ्याचा दोष नाही. पाऊस मात्र चारही जिल्हे मिळून आमच्याकडे पाठ फिरवून बसल्यासारखा.

या जामखेडला १९७० साली डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे हे जोडपे येऊन राहिले. दोघे वेल्लोरला डॉक्टर झालेले, अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्समध्ये सार्वजनिक आरोग्य शिकलेले. त्याआधी याच जिल्ह्यात वडाळ्याच्या मिशन हॉस्पिटलात काम करताना त्यांच्या लक्षात आले होते की बरा होऊन घरी गेलेला पेशंट काही दिवसांनी तोच आजार घेऊन परत येतो. म्हणजे दुरुस्ती होते, पण बिघाडाचे कारण घरी तसेच राहते. ते कारण शोधायचे तर हॉस्पिटलच्या भिंतीबाहेर पडायला हवे. त्यांनी जामखेडला जो प्रकल्प उभा केला तो 'ग्रामीण आरोग्य प्रकल्प' म्हणून जगाला माहीत आहे. १९७५ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या पुस्तकात त्याच्यावर प्रकरण आले, १९७९ साली दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. डॉ. मेबल १९९९ साली आणि डॉ. रजनीकांत २०११ साली गेले. प्रकल्प आजही चालू आहे.

डॉक्टरकीतले मला कळत नाही. मला त्यांच्या बघण्यातल्या दोन गोष्टी सांगायच्या आहेत.

पहिली अशी. शिकलेल्या नर्सला गावात ठेवायचे, ही योजना फारशी चालेना. बाहेरून आलेली बाई खेड्यात एकटी राहणार कशी, आणि तिचे ऐकणार कोण? तेव्हा गावातल्याच बायकांना शिकवून तयार करायचे ठरले. त्यांतल्या कितीतरी जणींना लिहिता-वाचता येत नव्हते, कितीतरी जणी दलित समाजातल्या होत्या. पण कुठल्या घरात सासूला विचारल्याशिवाय सून दवाखान्यात जात नाही, कुठली बाई किती वाजता शेतावरून येते, बाळंतिणीला काय खायला देतात आणि काय देत नाहीत, हा डेटा त्यांच्याकडे तयार होता. तो कुठल्याही डिग्रीवाल्याला वर्षभर फिरूनही मिळाला नसता. प्रकल्पाच्या गावांत १९७१ साली जन्मलेल्या हजार मुलांमागे १७६ मुले वर्षाच्या आत दगावत होती. १९९६ पर्यंत हा आकडा २६ वर आला. आज गावोगावी 'आशा' ताई दिसतात, त्यांच्या कामाच्या मुळाशी जे प्रयोग आहेत त्यांत जामखेडचा वाटा मोठा.

दुसरी गोष्ट पुन्हा हापशाचीच. दुष्काळात बोअर पाडायचे ठरले, तेव्हा हापसा कुठे बसवायचा हा प्रश्न आला. सवयीने तो गावाच्या मध्यात, मोठ्या घरांच्या जवळ बसला असता, आणि दलित वस्तीतल्या बाया नेहमीप्रमाणे लांब उभ्या राहिल्या असत्या. आरोळे यांनी हापशांसाठी दलित वस्तीतल्याच जागा धरल्या. पाणी हवे तर सगळ्यांनी तिकडे जायचे! कुणी भाषण केले नाही, कुणाला शिव्या दिल्या नाहीत. बोअर तेवढाच खोल, पाइप तोच, दांडा तोच. जागेचा निर्णय मात्र गावात पाणी कोण कसे भरते हे ज्याने बघितले होते त्याने घेतला. आपल्या कुठल्याही सेमिस्टरच्या कुठल्याही पेपरात 'पंप कुठे बसवावा' याचे हे उत्तर मला सापडलेले नाही.

हे वाचल्यावर मी ठरवले की दिवाळीच्या सुट्टीत आपणही वही घेऊन बसायचे, तेही आपल्याच घरात. मी पाचवीपासून बाहेर शिकले. त्यामुळे हॉस्टेलवर मी 'कॉन्व्हेंटवाली' आणि घरी 'इंग्रजाळलेली'. एरवी याचा त्रास होतो, पण या कामाला ते फार सोयीचे पडले. अर्धी आतली, अर्धी बाहेरची असल्यामुळे मला शब्द विचारावे लागतात आणि विचारले की कुणी हसत हसत दहा गोष्टी जास्त सांगते.

उदाहरणार्थ 'कोयता'. दसरा झाला की आमच्या भागातून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत चूल, भांडी, शेळ्या, पोरे, सगळा संसार भरलेला. स्टँडजवळ असाच एक ट्रॅक्टर थांबला होता, मी विचारले किती माणसे आहेत. उत्तर आले, "बारा कोयते." मी ट्रॉलीतली मोठी माणसे मोजली, तर चोवीस! कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मुकादम उचल देतो ती कोयत्याला, हिशेब होतो तो कोयत्याचा. एकटा गडी असेल तर तो अर्धा कोयता. आपण फर्स्ट इयरला युनिट चुकले की मार्क घालवतो. इथे युनिटच असे आहे की त्यात बाई दिवसभर ऊस तोडते, मोळ्या बांधते आणि हिशेबात वेगळी दिसतच नाही. पैसे बहुतेक वेळा नवऱ्याच्या हातात पडतात. हे कुठल्याही रिपोर्टातून कळण्याआधी एका शब्दातून कळले.

आजीला माझ्या वहीची गंमत वाटत होती.

"काय लिवतीस गं सारखं?"

"तू कशी राहतेस ते लिहितेय, आजी."

"त्यात काय लिवायचं? समद्यांसारखीच ऱ्हाती की मी."

मी तिला पाण्याबद्दल विचारले. ती तरुण असताना हापशाला रांग लागायची, पण बायका काही दिवसभर उभ्या राहत नसत. कळशी रांगेत ठेवायची, घरी येऊन भाकरी टाकायच्या, नंबर जवळ आला की कुणीतरी पोरगे हाक मारायला यायचे. कळशी म्हणजेच बाई! "कुणी कळशी पुढं सरकवायचं का?" मी विचारले. "मोठ्या घरची आली की जायची पुढं," आजी म्हणाली. त्याच्या आधी, हापसा यायच्या आधी, आडावरून पाणी शेंदायचे. तेव्हा वस्तीवरच्या बाया कुठे असायच्या? आजी जरा थांबली. "लांब उभ्या ऱ्हायच्या. आपण वरून वतायचो त्यांच्या कळशीत." एवढे बोलून ती गव्हातले खडे निवडायला लागली.

आणि मग कपबशी. आमच्या मागच्या दाराशी भिंतीत एक देवळी आहे. तिच्यात एक कपबशी असते, कान तुटलेली नाही, चांगली धडकी. शेतावर कामाला येणाऱ्या मावशींची. ती घरातल्या कपांबरोबर ठेवत नाहीत. मी जन्मल्यापासून ती तिथेच आहे. वही घेऊन बसल्यावर मी पाच दिवस फक्त ती कपबशी कुठे आहे एवढेच लिहिले. पहिल्या दिवशी सकाळी ती देवळीत होती. दुपारी आईने भांडी पुसून लावली तेव्हा ती फडताळात बाकीच्या कपांच्या ओळीत गेली. संध्याकाळी परत देवळीत. दुसऱ्या दिवशी तसेच. तिसऱ्या दिवशी पाहुणे जास्त आले आणि ट्रेमधून तीच कपबशी आमच्या एका वयस्कर नातेवाइकांच्या हातात पोचली. त्यांनी फुर्र करून चहा प्यायला, वर "झकास झालाय" म्हणाले. आजीने पाहिले. आईने आजीने पाहिलेले पाहिले. दोघी एक शब्द बोलल्या नाहीत. चौथ्या दिवशी पुन्हा देवळी. पाचव्या दिवशी मात्र ती रात्रभर फडताळात राहिली.

मावशींचे मी वेगळ्या पानावर लिहीत होते. घरात सगळे म्हणतात, "तिला चहाची आवड न्हाय." पाच दिवसांत चार वेळा त्यांना चहा विचारला गेला, चारही वेळा त्या "घरनं पिऊन आले" म्हणाल्या. आणि आठवडे बाजाराच्या दिवशी मी त्यांना स्टँडजवळच्या हॉटेलात पाहिले. बशीत ओतून, डोळे मिटून, चवीने चहा पीत होत्या. मला बघून हसल्या आणि म्हणाल्या, "ये ना ताई, घे चहा." मी बाकावर त्यांच्या शेजारी बसून घेतला. दोघींना एकसारखे काचेचे ग्लास. त्या देवळीबद्दल मी त्यांना काही विचारले नाही. चार वेळा दिलेले उत्तर माझ्या वहीत होतेच.

हे छापायला देऊ का, असे मी आईला विचारले. आई म्हणाली, "दे, पण आधी आजीला वाचून दाखव." दाखवले. आजीने सगळे ऐकून घेतले. रागावली नाही, हसलीही नाही. म्हणाली, "कप लिवलास. मी भात्तरच्या दुष्काळात खडी फोडली ते लिव की." खरेच आहे. १९७२ च्या दुष्काळात आजी रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जायची, कडेवर माझे मोठे काका. मिलोच्या लाल भाकरी आणि सुकडी खाऊन त्यांनी ते दिवस काढले. त्या कामावर कोण कुठल्या जातीचे हे कुणी विचारत नव्हते, सगळ्यांची बोटे सारखीच फुटली होती, असे तिनेच सांगितले. मग देवळी परत कशी आली, असे विचारायचे माझ्या ओठांवर आले होते. तेवढ्यात तीच म्हणाली, "पाऊस पडला, मग समदं पहिल्यावानी झालं." मानवशास्त्रावरच्या जाड पुस्तकात या वाक्याला अख्खे प्रकरण मिळाले असते. एखाद्याला समजून घेणे म्हणजे त्याचे वागणे मान्य करणे नव्हे, आणि ते मान्य नाही म्हणून तो माणूस तेवढ्याच एका ओळीत संपवायचा असेही नव्हे. आईला मी फोनवर अधूनमधून विचारते, "कप कुठंय?" ती म्हणते, "चाललंय."

आता आपल्या हॉस्टेलकडे या. सकाळी गरम पाण्याची बादल्यांची रांग आठवा. आजीच्या कळशीची सख्खी नात! बादली ठेवून आपण खोलीत येऊन आणखी दहा मिनिटे लोळतो. ही पद्धत कुठल्या नियमावलीत लिहिलेली नाही, तरी पहिल्या आठवड्यात प्रत्येकीला येते. आणि सरकते कुणाची बादली? फर्स्ट इयरची. थर्ड इयरची बादली जागची हललेली मी आजवर पाहिली नाही. मेसमध्ये टेबलांचा नकाशा काढा. विदर्भाचे टेबल, खान्देशचे टेबल, 'इंग्लिश मीडियम'चे टेबल. नवीन कुणी आले की "नाव काय?" याचे उत्तर मिळाल्यावरही "पूर्ण नाव?" असे कोण विचारते, आणि आडनाव कळल्यावर पुढचा प्रश्न बदलतो का, हे ऐका. "कुठल्या राउंडला लागला नंबर?" हा प्रश्न सगळ्यांना विचारला जातो की काहींनाच, हे मोजा. पंधरा दिवस मोजलेत तर तुमच्याकडे एक असे टेबल तयार होईल की ज्याचा रिझल्ट कुठल्याही मॅन्युअलमध्ये छापलेला नाही.

हे करायला फार काही लागत नाही. वहीच्या डाव्या पानावर दिसले ते लिहायचे, उजव्या पानावर वाटले ते. 'मावशींना चहा आवडत नाही' हे उजवे पान, 'चार वेळा नाही म्हणाल्या' हे डावे पान. दोन्हींची गल्लत झाली की निरीक्षण संपले आणि गॉसिप सुरू झाले. लोकांना 'का' विचारू नये, 'कसं' विचारावे. 'का' म्हटले की माणूस बचावाला उभा राहतो, 'कसं' म्हटले की तो शिकवायला बसतो. न विचारता मोबाईल रोखू नये. लिहिले ते ज्यांच्याबद्दल आहे त्यांना वाचून दाखवावे, कारण त्यांच्याकडे आपल्याला न दिसलेली एक खडी फोडण्याची गोष्ट असतेच.

यातून करिअर होते का, हा प्रश्न येणारच! होते. पुणे विद्यापीठात मानवशास्त्राचा विभाग आहे. १९४५ पासून केंद्र सरकारचे भारतीय मानवशास्त्र सर्वेक्षण काम करते आहे, त्याचे एक केंद्र नागपुरात आहे. आणि आपल्या लाइनमध्येही बघा. १९८०च्या दशकात झेरॉक्स कंपनीच्या संशोधन केंद्रात ल्युसी सचमन या मानवशास्त्रज्ञ बाईंनी लोक कॉपी मशीन प्रत्यक्षात कसे वापरतात हे बारकाईने पाहिले. मशीनला वाटते माणूस पायरी तीनवर आहे, माणूस असतो भलतीकडेच! आज अॅप आणि वेबसाइट करणारे 'यूजर रिसर्च' म्हणून जे करतात त्याचे एक मूळ इथे आहे. पण खरे सांगू, करिअरसाठी नसले तरी निदान आपण जे बांधणार आहोत त्याच्यापुढे कोण रांगेत उभे राहणार आहे, एवढे बघण्यासाठी तरी हा विषय आपल्याला हवा.

सुरुवात लगेच करता येईल. आपल्या हॉस्टेलला नवीन वॉटर कूलर येणार अशी चर्चा आहे. तो रीडिंग रूमच्या बाहेर लावावा असे बहुतेकांचे मत दिसते, कारण आपण तिथे बसतो. माझी रेक्टर मॅडमना आणि जी.एस.ला एक विनंती आहे. प्लंबरला बोलावण्याआधी दोन दिवस द्या. आपल्यातल्या चौघी-पाच जणी वही घेऊन बसतील आणि कोण, किती वाजता, कुठून पाणी भरते एवढेच लिहितील. त्यात आपण तर असूच, पण पहाटे साडेपाचला येणाऱ्या सफाईच्या ताई, मेसमध्ये भांडी घासणारी मुले आणि रात्रपाळीचे वॉचमन काकाही असतील. ते सध्या पाणी कुठून पितात? मला माहीत नाही. तुम्हाला माहीत आहे?